वारसा, प्रवास आणि परवाना

हिंगोली जिल्ह्यात राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे एकही वस्तुसंग्रहालय नाही. मराठवाड्यात ती तेर, पैठण, माहूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. जिल्ह्यातल्या सेनगावच्या एखाद्या शाळेला मुलांना जुनी नाणी, मूर्ती, शस्त्रे दाखवायची असतील, तर यांपैकी कुठेही जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. त्यातल्या त्यात सोयीचे म्हणजे शेजारच्या विदर्भातले सिंदखेडराजा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा जिल्हा लहान आणि नवा आहे, हे संग्रहालय नसण्याचे एक कारण. पण मुळाशी दुसराही प्रश्न आहे. या भागातला वारसा सांभाळायचा कोणी? सरकारने, देवस्थानाने, गावाने, की ज्याच्या घरात तो आहे त्याने? दीडशे वर्षांत कायद्याने या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले, आणि बहुतेक बदलांत स्थानिक माणूस थोडा मागे सरकला. सरकारी नियमनाकडे संशयाने पाहणाऱ्या परंपरावादी विचाराची तक्रार नेमकी हीच आहे. ती कुठे खरी ठरते आणि कुठे कोसळते, हे सेनगावच्या चहूबाजूंच्या ठिकाणांवरून चांगले तपासता येते.

परिसर पाहण्यासारखा आहे. रिसोडच्या बाजूने येणारी कयाधू नदी सेनगाव तालुक्यातून हिंगोलीकडे जाते. तिच्या काठचे नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात असल्यामुळे पंजाबातले शीख भाविकही इथे येतात, आणि एका आडबाजूच्या खेड्यात वारकरी व शीख यात्रेकरू एकाच वाटेने चालताना दिसतात. नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढा नागनाथला, अशी परंपरा आहे. औंढ्याच्या मंदिराचा खालचा भाग यादवकालीन कोरीव कामाने भरलेला आहे. वरचा भाग उघडच नंतरच्या काळातला आहे आणि त्याचा जीर्णोद्धार अहल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडला जातो. जिंतूर तालुक्यात चारठाण्याची मंदिरे आणि नेमगिरीची जैन लेणी आहेत. उत्तरेला वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्याच जिल्ह्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. वायव्येला लोणारचे विवर, त्याच्या काठची मंदिरे आणि गावातले दैत्यसूदन मंदिर. हे सरोवर २०२० मध्ये रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाले. त्याच्या पुढे जिजाऊंचे सिंदखेडराजा. या मोठ्या नावांखेरीज गावोगावच्या बारवा, वीरगळ, सतीशिळा, पडक्या गढ्या आणि पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, टेकाडे वेगळीच. त्यांची मोजदाद पर्यटनाच्या कुठल्याही पुस्तिकेत सापडत नाही.

या सगळ्यावर आज किमान चार कायद्यांची छत्रे आहेत. सर्वांत जुना १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा. मग १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, ज्याची जागा स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या केंद्रीय कायद्याने घेतली. १९६० मध्ये महाराष्ट्राने राज्य संरक्षित स्मारकांसाठी स्वतःचा कायदा केला. १९७२ मध्ये पुरावस्तू आणि कलानिधीचा कायदा झाला आणि तो एप्रिल १९७६ पासून लागू झाला. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याने १९१४ मध्ये आपले पुरातत्त्व खाते उघडले आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. अजिंठ्याच्या चित्रांसाठी १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी आणवले गेले. त्यांनी सुटू लागलेले गिलावे पक्के केले हे खरे. पण चित्रांवर चढवलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि तो काढण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची वर्षे गेली. सरकारी जतनाचे गुण आणि दोष दोन्ही या एका उदाहरणात दिसतात: साधने आणि चिकाटी सरकारकडेच होती, आणि चूक झाली तेव्हा तीही त्याच मापाची झाली.

परंपरावादी भूमिका म्हणजे इथे सनातनीपणा नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एडमंड बर्कने ती मांडली तेव्हा तिचा गाभा असा होता: समाजातल्या जुन्या संस्था, चालीरीती आणि मालकीहक्क हे पिढ्यांच्या अनुभवातून घडलेले असतात, दूरच्या कार्यालयात बसून आखलेल्या योजनेने ते पुसून टाकले की गेलेले ज्ञान परत मिळत नाही. भारतात या विचाराला आर्थिक धार आली ती स्वतंत्र पक्षामुळे. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजाजी, रंगा, मसानी यांनी हा पक्ष काढला. राजाजींनी रूढ केलेला परमिट-लायसन्स राज हा शब्दप्रयोग आजही वापरात आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सरकारविषयीचा हाच संशय शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पोचवला. जोशी स्वतःला परंपरावादी म्हणवत नसत, त्यांचा पिंड उदारमतवादी होता. पण सरकार जिथे हात घालते तिथे धनी बेजबाबदार होतो, हे त्यांचे निदान वारशाच्या क्षेत्रात परंपरावाद्यांना आयतेच उपयोगी पडते. गंमत अशी की या विचाराच्या पोटातच एक विसंगती आहे. जुने जपावे असा त्याचा आग्रह, आणि जपण्याचे सर्वांत मोठे यंत्र असलेल्या सरकारवर त्याचा भरवसा नाही.

तक्रारीतला सर्वांत ठाशीव मुद्दा शंभर मीटरचा आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच बांधकाम, अशी अधिसूचना १९९२ मध्ये निघाली. तिच्यातून सवलती देण्याची पद्धत न्यायालयाने बेकायदा ठरवल्यावर २०१० मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमले गेले. आता मापाचा हिशोब पाहावा. एखादी एकटी समाधी केंद्रस्थानी धरली तरी तीनशे मीटरच्या वर्तुळात सुमारे ७० एकर जमीन येते. अजिंठ्यालाही तेच वर्तुळ आणि कुठल्याशा अनाम इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्यालाही तेच. प्रत्येक स्मारकाची गरज पाहून वेगळे उपविधी करायचे असे कायद्यानेच ठरवले होते. प्रत्यक्षात तयार झालेले उपविधी मोजकेच. दौलताबादसारखे गाव किल्ल्याच्या बाहेरच्या तटाच्या आतच वसलेले आहे. तिथल्या माणसाला संडास बांधायचा असला तरी कागद वरपर्यंत फिरवावा लागतो. मग तो कागद फिरवत नाही, रातोरात बांधतो, आणि स्मारकाचा शेजारी असण्यापेक्षा स्मारक नसते तर बरे, असे त्याला वाटू लागते. नियमाने स्मारकाचा राखणदार व्हायचा माणूस स्मारकाचा वैरी केला.

याच नियमाची दुसरी बाजू परंपरावाद्यांना अधिक बोचते. २०१७ मध्ये सरकारने एक दुरुस्ती विधेयक आणले. त्यात मनाई असलेल्या शंभर मीटरमध्ये सार्वजनिक कामांना, म्हणजे सरकारच्याच रस्ते-पुलांना, मोकळीक देण्याचा प्रस्ताव होता. २ जानेवारी २०१८ रोजी लोकसभेने ते मंजूरही केले. पुढे राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि त्याचा कायदा झाला नाही. पण हेतू दिसला: घरमालकाला खिडकीसुद्धा बदलता येऊ नये, आणि खात्याला उड्डाणपूल उभारता यावा. नियम करणाऱ्याने स्वतःला नियमातून वगळणे हे नियमनाच्या टीकाकारांचे सर्वांत जुने हत्यार, आणि ते त्यांच्या हाती सरकारनेच दिले.

यादीचाही प्रश्न आहे. देशात केंद्र संरक्षित स्मारके साधारण ३,७०० आणि त्यांपैकी २८६ महाराष्ट्रात. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या पथकाने १,६५५ स्मारकांना प्रत्यक्ष भेट दिली तेव्हा ९२ जागेवर सापडलीच नाहीत. त्यांपैकी काहींचा पुढे शोध लागला. संसदेच्या समितीला २०२२ मध्ये देण्यात आलेल्या माहितीनुसार ३,६९३ पैकी केवळ २४८ ठिकाणी पहारेकरी होते. २०२३ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या अहवालाने यादीतली सुमारे चौथाई स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची नसावीत असे म्हटले, आणि २०२४ मध्ये १८ नावे यादीतून वगळण्याचा निर्णय झाला. जे खाते आपल्या यादीतल्या वास्तू शोधू शकत नाही, त्याने शेजाऱ्याच्या छपराची उंची ठरवावी, यात विनोद आहे. पण हा आकडा दोन्हीकडे कापतो हे टीकाकार विसरतात. पहारेकरी नसलेली तीन हजारांवर स्मारके ही अतिनियमनाची नव्हे, तर कागदावर नियम आणि जागेवर माणूस नाही, या अवस्थेची खूण आहे.

मराठवाड्यापुरते पाहिले तर वारशाचे मोठे नुकसान पुरातत्त्वाच्या कायद्याने केले नाही, जमिनीच्या कायद्यांनी केले. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला, १९५४ मध्ये इनामे आणि रोख अनुदाने संपवणारा कायदा झाला. कुळांच्या दृष्टीने हे न्यायाचेच होते. त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण गढीची डागडुजी, बारवेचा गाळ, देवळाचा दिवा आणि नगारा ज्या उत्पन्नावर चाले ते उत्पन्न गेले, आणि ती जबाबदारी कोणाकडे गेली हे कुठेच लिहिले गेले नाही. देशमुख-देशपांड्यांच्या गढ्या पावसाळ्यागणिक ढासळल्या. त्यांची पांढरी माती धाब्याच्या घरांवर पसरायला आणि टेकाडांची माती शेतात खत म्हणून गेली; तिच्याबरोबर खापरे, मणी, नाणीही गेली. सुधारणा आवश्यक होती आणि तिच्या मागे पडलेली पोकळी भरली गेली नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. परंपरावादी टीकाकार दुसरी सांगतात आणि सरकारी इतिहास पहिली.

शहरांत हेच भाडे नियंत्रणाने झाले. १९४७ च्या मुंबई कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली. मुंबईत एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवून १९६९ नंतर दुरुस्ती सरकारी मंडळाकडे घ्यावी लागली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असे म्हटले आणि २००० मध्ये नवा कायदा अमलात आला. तोवर पुण्या-मुंबईतले अनेक वाडे आणि चाळी वारसा यादीत जाण्याआधीच पडून गेल्या होत्या. १९९५ मध्ये मुंबईत देशातली पहिली वारसा नियमावली आली खरी, पण जी इमारत जपायला सांगायचे तिच्या मालकाचे हात आधीच बांधून ठेवायचे, असा तो उफराटा कारभार होता.

वस्तुसंग्रहालयांचा इतिहास टीकाकारांच्या बाजूने अधिक बोलतो. तेरचे संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभे आहे. प्राचीन तगर नगरीच्या टेकाडावरून पावसाने उघडी पडलेली मृण्मये, मणी, नाणी ते वर्षानुवर्षे वेचत राहिले. पाँपेईला १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली तेरची मूर्ती जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि ती ठाऊक होण्यामागे अधिकारी नव्हता, गावातला एक नाद लागलेला माणूस होता. पैठणच्या संग्रहालयाला बाळासाहेब पाटील यांचे नाव आहे ते याच कारणाने. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे संग्रहालय तिथल्या संस्थानिकांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये उभारले. एका डोंगराळ गावात रविवर्म्याच्या चित्रांजवळ हेन्री मूरचे शिल्प आहे, ही त्यांची करामत. पुण्यात कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे जमवत वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या आणि १९७५ मध्ये मुलाच्या नावाचे ते संग्रहालय राज्य सरकारच्या स्वाधीन केले. चौघांपैकी कोणालाही कोणी नेमले नव्हते. पण चौघांच्याही बाबतीत शेवटी संग्रह सरकारकडे गेला, कारण व्यक्तीच्या मागे तो टिकवणारी संस्था नव्हती. नाद माणसाला असतो, टिकाव संस्थेला लागतो; ही संस्था सरकारीच असली पाहिजे का, एवढाच वादाचा भाग उरतो.

त्याचे उत्तर मुंबईत आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९०९ च्या स्वतंत्र कायद्याखाली विश्वस्त मंडळाकडून चालते आणि १९२२ पासून लोकांसाठी खुले आहे. कायदा सरकारचा, कारभार विश्वस्तांचा. भायखळ्याचे १८७२ चे भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेच्या हाती मोडकळीला आले होते. २००३ मध्ये महापालिका, वारसा-जतन करणारी इन्टॅक संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, दुरुस्तीला २००५ चा युनेस्को पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते नव्या रूपात उघडले. याच्या शेजारी अजिंठ्याचे अभ्यागत केंद्र ठेवून पाहावे. जपानी कर्जाच्या मदतीने, लेण्यांच्या प्रतिकृतींसह कोट्यवधी रुपये खर्चून ते बांधले आणि काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडले. इमारत सरकारची, वीज सरकारी कंपनीची, पाणी सरकारी प्राधिकरणाचे, आणि कुलूप पर्यटकाला.

तरीही खासगी हात आला की सारे सुधारते, हेही खरे नाही. महाराष्ट्राने २००७ मध्ये राज्य संरक्षित स्मारके संगोपनासाठी देण्याची योजना काढली. तिच्याखाली नळदुर्गचा किल्ला सोलापूरच्या एका कंपनीकडे गेला. स्वच्छता, बाग, रस्ते, प्रवासी यांत फरक पडला, तसेच किल्ला आहे की सहलीचे उद्यान, असा आक्षेपही आला. २०१९ च्या सप्टेंबरात किल्ल्यांवर हॉटेले उभारू देण्याचे धोरण बाहेर आले तेव्हा राज्यभर संताप उसळला. शिवरायांशी संबंधित किल्ले यात नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या संतापात सर्वांत पुढे परंपरेचा अभिमान सांगणारी मंडळीच होती. सरकारने बाजूला व्हावे ही मागणी आणि सरकारने किल्ला विकू नये ही मागणी एकाच तोंडून येते, तेव्हा टीकेचा खरा रोख नियमनावर नसतो, नियमन कोण करतो यावर असतो.

आणि सरकारचा हात नसता तर काही ठिकाणी काय झाले असते, याचे उत्तर सेनगावहून फार लांब नाही. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर दिगंबर आणि श्वेतांबर पंथीयांच्या व्यवस्थापनाच्या वादात १९८१ पासून बंद होते. बेचाळीस वर्षांनी, २०२३ च्या मार्चमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले. समाजाच्या जुन्या संस्था आपले वाद आपसांत मिटवतात, हा बर्कच्या अनुयायांचा विश्वास इथे टिकला नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले; खटला सर्वोच्च न्यायालयात २०१४ पर्यंत चालला. त्या मंदिराच्या अलीकडच्या जीर्णोद्धारात नंतर चढवलेली आवरणे काढून मूळ दगड मोकळा केला गेला आणि २०२४ मध्ये कामाच्या ओघात तळघरातून जुन्या मूर्ती सापडल्या. मंदिरे सरकारमुक्त करा म्हणणाऱ्यांनी या कामाकडे निदान एकदा पाहायला हरकत नाही. सरकारी हाताचे असेच दुसरे उदाहरण अजिंठ्याचे: तिथे खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून पुढे बसने नेतात. हा नियम त्रासाचा आहे आणि चित्रांसाठी आवश्यकही आहे.

प्रवासाच्या बाजूने नियमनाचा इतिहास लहान पण बोलका आहे. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ गाड्यांनी बससेवा सुरू केली. मराठवाड्यातली सेवा १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या एसटीत विलीन झाली. टप्पा वाहतुकीची मक्तेदारी महामंडळाकडे गेल्यामुळे आडवळणाच्या गावांना गाडी मिळाली, जी नफा पाहणाऱ्याने कधीच दिली नसती. पण एसटी गावाच्या गरजेने धावते, पर्यटकाच्या नाही. नर्सी, औंढा, लोणार, शिरपूर एका दिवसात जोडणारी फेरी महामंडळाच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि काळी-पिवळीवाल्याने ती स्वतःहून आखली तर परवान्याचा प्रश्न येतो. मुक्कामाचेही तसेच. राज्यात हॉटेल सुरू करायला ७० परवाने लागत होते. २०२० मध्ये ते १० वर आणण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी कृषी पर्यटनाचे धोरण आले. परवाने साठाने घटल्यावर आकाश कोसळले नाही, यावरून ते साठ कशासाठी होते, हे विचारायला हवे. औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जमिनीचा बारीकसा कंपही तिला खपत नाही, म्हणजे या भागात वाहतूक आणि बांधकामाचे आणखी नियम येणार. इथल्या लोकांना ते आधी समजावून सांगितले जातील की नंतर राजपत्रात सापडतील, यावर त्या नियमांचे भवितव्य ठरेल.

पुरावस्तूंचा कायदा हा या सगळ्यातला सर्वांत कठोर आणि सर्वांत कमी फलदायी. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकृती किंवा पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुने महत्त्वाचे हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते अशा अधिसूचित वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे, विक्रीला परवाना लागतो, आणि परदेशी नेण्याचा अधिकार फक्त केंद्राला आहे. निर्यातबंदीबद्दल वाद नाही. ती नसती तर देव्हारे ओस पडले असते. पण देशांतर्गत खरेदी-विक्रीही परवान्याच्या फेऱ्यात अडकल्याने उघडा बाजार उभा राहिला नाही, चोरटा राहिला. किमती लंडन-न्यूयॉर्कला ठरतात. एप्रिल २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र सरकारला ती ४७.१५ लाख रुपये मोजून घ्यावी लागली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. २०१७ च्या एका मसुद्यात देशांतर्गत विक्रीचा परवाना काढून टाकण्याचा विचार होता. तो मसुदाच राहिला.

सेनगावच्या शेतकऱ्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो मात्र १८७८ च्या कायद्याचा. नांगराच्या फाळाला हंडा लागला आणि त्यातल्या ऐवजाची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे. मग चौकशी, नोटिसा, महिनोन् महिने थांबणे. मालक सिद्ध झाला नाही तर पाऊण वाटा सापडवणाऱ्याचा आणि पाव वाटा जमीनमालकाचा. पण सरकारला वस्तू हवी असेल तर ती धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेता येते. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याला शिशाचा भाव मिळणार असेल, तर ते कोण दाखवील? सराफाकडे आटवून टाकणे सोपे पडते. इंग्लंडने १९९६ मध्ये आपला कायदा बदलला. संग्रहालयाने ठेवून घेतलेल्या वस्तूची बाजारभावाने किंमत तिथे सापडवणारा आणि जमीनमालक यांना मिळते, आणि १९९७ पासून ऐच्छिक नोंदणीची योजना चालू आहे. हजारो शोध आपणहून पुढे येतात. परंपरावाद्यांचे म्हणणे सर्वांत खरे ठरते ते इथे: शिक्षेच्या धाकाने वस्तू लपते, वाजवी मोबदल्याने बाहेर येते.

नोंद आणि हक्क गावाकडे असले तर लोक काय करतात, तेही जवळच दिसले आहे. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूर गावाने आपली चक्राकार बारव स्वतः गाळ उपसून मोकळी केली. राज्यभर चाललेल्या बारव मोहिमेत अशी अनेक गावे उतरली, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवात फावडी-घमेल्यांनी झाली, अर्जाने नव्हे. उलट सिंदखेडराजाला २०२४ च्या जूनमध्ये लखुजी जाधवरावांच्या छत्रीच्या जतनाचे काम चालू असताना शेषशायी विष्णूची सुमारे १.७ मीटर लांबीची मूर्ती निघाली. प्रशिक्षित हात नसते तर पहारीने तिचे तुकडे झाले असते. गाळ गावाने काढावा, उत्खनन खात्याने करावे. याहून वेगळी वाटणी सुचवायचे कारण दिसत नाही.

एकूण पाहता वस्तूच्या चोरी-निर्यातीबद्दल आणि तोडफोडीबद्दल कायदा कडक असायला हवा, तिथे माणसे नाहीत म्हणून तो ढिला आहे. आणि वस्तूच्या शेजारी राहणाऱ्या, ती सांभाळणाऱ्या माणसाबद्दल तो सैल असायला हवा, तिथे तो आवळलेला आहे. सरकार हटवणे हा यावरचा उपाय नाही, सरकारने आपले काम ओळखणे हा आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून गावोगाव जाते. संग्रहालय नसलेल्या तालुक्यांना ती सध्या तरी आधार आहे. सेनगावला मात्र स्वतःची एक खोली हवी: वीरगळांची, नाण्यांची, पोथ्यांची नोंद असलेली, विश्वस्तांनी चालवलेली, आणि आतली वस्तू जिल्ह्याबाहेर जाणार नाही अशी लेखी हमी असलेली. त्यासाठी नवे महामंडळ लागत नाही. १८७८ च्या कायद्यातली दहा रुपयांची मर्यादा आणि धातूच्या भावाचे कलम, एवढे दोन बदल झाले तरी त्या खोलीत ठेवायला वस्तू येऊ लागतील.